एकाएकीं पालटलेलें मूल

काल संध्याकाळपर्यंत जें मूल धाकट्या भावंडाशीं भांडत होतें, पाढे म्हणत होतें, आईच्या ताटांतला घास हट्टानें मागत होतें, तेंच आज सकाळीं उठतें तें परकें होऊन. हात धुवावयास बसलें म्हणजे पाणी संपेपर्यंत उठत नाहीं. रोजच्या भाकरीला विषाचा वास येतो म्हणून ताट लोटून देतें. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाहीं. मध्येंच हसतें, मध्येंच किंकाळी फोडतें, आणि आईनें जवळ घेतलें तर तिलाच ओरबाडतें. आईला खरें भय वाटतें तें या ओरबाडण्याचें नव्हे. मुलाच्या डोळ्यांत आपली ओळख उरलेली नाहीं, याचें. घरांत मृत्यु घडला तर काय करावयाचें हें शेजाऱ्यांना ठाऊक असतें. या प्रसंगीं मात्र शेजाऱ्यालाही कांहीं सुचत नाहीं, आणि तो हळूच आपलें दार लोटून घेतो.

अशा घराला कोणीं, केव्हां आणि कसा हात दिला याचा इतिहास एका ठिकाणीं सांपडत नाहीं. त्याचीं पानें वैद्यकाच्या पोथ्यांत, देवस्थानांच्या ओवऱ्यांत आणि सरकारी दप्तरांत विखुरलेलीं आहेत. मौज अशी कीं एकट्या जालना जिल्ह्यांत या सर्वांचे अवशेष दिसतात; आणि ज्या गांवाची ख्याति आज बियाण्यांसाठीं व लोखंडाच्या कारखान्यांसाठीं आहे, त्या जालन्याच्या नांवावर वेडाच्या इतिहासांतलें एक मोठें प्रकरण आहे, हें मराठवाड्यांतल्याच पुष्कळांना ठाऊक नसतें.

प्रथम पोथ्यांकडे वळावें. लहान मुलांच्या आजारांचा विचार आयुर्वेदानें कौमारभृत्य या स्वतंत्र अंगांत केला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत स्कंद, स्कंदापस्मार, शकुनि, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष असे नऊ बालग्रह सांगितले आहेत. वाग्भटानें अष्टांगहृदयांत ते बारा मोजले आहेत. मूल दचकतें, वर टक लावून पाहतें, दांत खातें, तोंडाला फेंस आणतें, स्वतःला व धरणाऱ्या दाईला नखांनीं ओरबाडतें, निजत नाहीं, असें वर्णन या प्रकरणांतून येतें. ग्रहांच्या नांवांना हंसणारा आधुनिक वाचक या वर्णनापुढें मात्र थबकतो. पाहणाराचा डोळा तीक्ष्ण होता. त्यानें जें पाहिलें तें आजही मुलांच्या वॉर्डांत दिसतें. चुकलें तें कारण.

मोठ्या माणसांच्या उन्मादाविषयीं लिहितांना चरकानें पांच प्रकार केले आणि पांचवा, बाहेरून येणारा, 'आगंतु' म्हटला. परंतु त्याच निदानस्थानांत तो असेंही बजावतो कीं देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस निर्दोष माणसाला आपण होऊन पीडा देत नाहींत. मनुष्यानें आपल्या कर्माचा दोष त्यांच्या माथीं मारूं नये. दोन हजार वर्षांपूर्वींच्या काळीं हा विचार धीटपणाचा होता यांत शंका नाहीं. पण आजारी मुलाच्या आईला त्याचा उपयोग काय? भुताचा दोष काढून घेतला म्हणजे तो कोणाच्या तरी पदरीं पडतोच, आणि आठ वर्षांच्या मुलाचें कर्म शोधूं गेलें तर बोट आईबापांकडेच वळतें. 'गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं', 'लाडानें बिघडविलें', 'अभ्यासाचा ताण दिला' हीं सर्व त्याच एका आरोपाचीं निरनिराळ्या काळचीं रूपें आहेत. त्या मानानें 'बाहेरचें झालें आहे' या खेडवळ निदानांत एक दया आहे. त्यांत मूल निर्दोष ठरतें, आईही निर्दोष ठरते. देवऋषी आणि मांत्रिक यांच्या दारीं शिकलेलीं माणसेंही कां जातात, याचें उत्तर अज्ञान एवढेंच देऊन चालणार नाहीं.

जालना जिल्ह्यांत भोकरदन तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगराच्या बाजूला, जाळीचा देव म्हणून महानुभाव पंथाचें प्रसिद्ध स्थान आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्यानें तें पवित्र मानिलें जातें, आणि बाधा झालेल्या माणसांना घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें येतात. महानुभाव स्थानांवर अशा रुग्णाला एकटें सोडण्याची पद्धत नाहीं. आई, बायको किंवा बहीण त्याच्याबरोबर आठवडेच्या आठवडे मुक्काम करते. आरती, दर्शन, नामस्मरण असा दिवसाचा क्रम ठरलेला असतो. १९८७ सालीं व्हिएडा स्कल्टन्स या विदुषीनें महाराष्ट्रांतील एका महानुभाव देवस्थानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत तिला असें आढळलें कीं तेथें अंगांत येतें तें बहुधा रुग्णाच्या नव्हे, तर त्याला घेऊन आलेल्या बाईच्या. 'याची पीडा मला दे' असें मागणें मागून ती आजार स्वतःच्या अंगावर ओढून घेऊं पाहते. ही गोष्ट वाचून ज्याला केवळ अंधश्रद्धा दिसेल त्यानें रात्रभर आजारी मुलाच्या उशाशीं बसलेली आई पाहिलेली नसावी.

तथापि येथें एक स्पष्ट बोललें पाहिजे. देवळाच्या ओवरींत सोबत मिळते, क्रम मिळतो, निवारा मिळतो. मेंदूला आलेली सूज तेथें उतरत नाहीं. आणि सर्वच ठिकाणें सौम्य नसतात. मारणें, डागणें, धुरी देणें, सांखळीनें बांधणें हे प्रकार देवाच्या नांवावर झालेले आहेत. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं रुग्णांच्या एका झोंपडीवजा आश्रमाला आग लागली, तेव्हां सांखळ्यांनीं जखडलेलीं २८ माणसें जळून मेलीं. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं खून झाला. अंगांतील भूत काढण्याच्या निमित्तानें कोणाला मारहाण करणें किंवा वैद्यकीय उपचारापासून अडविणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे.

आतां जालना शहराकडे. निजामाच्या राज्यांतील हें गांव औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. गांवाच्या पूर्वेस १८२७ सालीं लष्कराची छावणी वसली. हैदराबाद कंटिंजंटची फौज तेथें राहात असे. १९०३ सालीं ही छावणी मोडली आणि लांबलचक दगडी बराकी ओस पडल्या. इकडे हैदराबादेस वेड्यांची सोय आरंभीं तुरुंगाच्या आश्रयानें होत होती, कारण कैद्यांतलेच वेडे सरकारच्या प्रथम नजरेस आले होते. ओस बराकी आणि भरलेला तुरुंग, यांची सांगड घालावयास कोणत्याही सरकारला फार दिवस लागत नाहींत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सबंध हैदराबाद संस्थानचें वेड्यांचें इस्पितळ जालन्यास आलें आणि पुढें चाळीसांहून अधिक वर्षें तेथेंच राहिलें.

या योजनेचा हिशेब सरकारच्या बाजूनें चोख होता. इमारतींना नवा खर्च नव्हता आणि १९०० च्या सुमारास मनमाडकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून धांवूं लागली होती, म्हणून रुग्ण पोंचविण्याची अडचण नव्हती. अडचण होती ती कुटुंबाची. हैदराबादेहून जालना रेल्वेनें चारशें किलोमीटरांहून दूर. वरंगळ किंवा गुलबर्ग्याच्या शेतकऱ्याला तर तो मुलूखही परका आणि भाषाही परकी. तेलुगु बोलणारा मुलगा मराठी गांवाच्या बराकींत उर्दू दप्तराच्या ताब्यांत गेला, म्हणजे आईची व त्याची भेट पुन्हां कशी व्हावी? त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांची रचना सर्व जगभर अशीच होती. एकट्या निजामाला दोष देण्याचें कारण नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९१२ च्या कायद्यानें रुग्णाचा प्रवेश बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें होई. इस्पितळाचें काम समाजाला रुग्णापासून सुरक्षित ठेवणें हें होतें, आणि घरचीं माणसें हीं त्या समाजाचा भाग धरलीं जात. आजारी लहान मुलासाठीं निराळी जागा असावी, त्याच्याजवळ घरचें कोणी असावें, ही कल्पना त्या रचनेंत कोठेंच बसत नव्हती.

मराठवाडा १९४८ सालीं मुक्त झाला आणि १९५३ सालीं हें इस्पितळ हैदराबादेस एर्रगड्डा येथें गेलें. तेलंगणाच्या लोकांची सोय झाली, आणि मराठवाड्याच्या पदरीं उलट अंतर आलें. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचनेनंतर हैदराबाद हें दुसऱ्या राज्याचें शहर झालें. जालन्याच्या माणसाला इस्पितळांत ठेवण्यासारखें वेड लागलें कीं रस्ता पुण्याचा, येरवड्याचा. म्हणजे सुमारें तीनशें किलोमीटर. ज्या गांवांत सबंध संस्थानचे वेडे आणून ठेविले, त्या गांवाला स्वतःच्या रुग्णासाठीं परगांवीं जावें लागलें. १९५६ सालींच औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें आणि 'घाटी' या नांवानें तें सबंध मराठवाड्याचा आधार झालें, एवढीच त्यांत जमेची बाजू.

या सर्व काळांत आजाराच्या कारणाचा शोध निराळ्याच वाटेनें चालला होता. इंग्लंडांत थॉमस सिडनहॅम यानें १६८६ सालीं मुलांच्या एका विलक्षण आजाराचें वर्णन केलें. मुलाचा हात नाचतो, पाय झटके देतो, पेला ओठांशीं नेतांना वेडावांकडा जातो, जीभ बाहेर काढून धरतां येत नाहीं. या आजारांत मूल रडवें, चिडखोर, भित्रें होतें. पांचापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांत, आणि त्यांतही मुलींत, तो अधिक आढळतो. घसा येऊन गेल्यावर कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं तो उद्भवतो, आणि त्याचा संबंध संधिवाताच्या ज्या तापाशीं आहे तो ताप हृदयाच्या झडपाही बिघडवितो, हें पुढें हळूहळू उलगडलें. विल्यम ऑस्लरनें १८९४ सालीं यावर सबंध पुस्तक लिहिलें. मधल्या काळांत किती मुलांनीं अक्षर बिघडलें म्हणून छडी खाल्ली असेल, दुधाचें भांडें पाडलें म्हणून थपडा खाल्ल्या असतील, याची नोंद कोणत्याही ग्रंथांत नाहीं. शाळामास्तर या वर्गाच्या पापांत हें एक धरावें. आपल्याकडे संधिवाताचा ताप अजून नाहींसा झालेला नाहीं. म्हणून नाचऱ्या हाताच्या मुलाचें हृदय तपासून घेणें आणि डॉक्टर सांगतील तितकीं वर्षें पेनिसिलिनचीं इंजेक्शनें न चुकवणें, यांत मुलाचें पुढचें आयुष्य असतें.

१९१७ सालीं व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन एकोनोमोनें निद्राळू मेंदूज्वराचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढील दहा वर्षें ही सांथ जगभर फिरली. जीं मुलें वांचलीं त्यांतलीं कित्येक शीलानें पालटलीं: दिवसा झोंपत, रात्रीं हिंडत, चोऱ्या करीत, भावंडांना चावत, आणि मागाहून 'मला आवरत नाहीं' म्हणून रडत. आईबापांच्या संस्कारांत खोट नसतां मेंदूच्या आजारानें स्वभाव बदलूं शकतो, याचा एवढा मोठा पुरावा वैद्यकाला पूर्वीं मिळालेला नव्हता. लंडनजवळ व फिलाडेल्फियांत या मुलांसाठीं वॉर्ड व शाळा निघाल्या.

त्याही आधींची एक कौटुंबिक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत ऱ्होड आयलंड संस्थानांत जॉर्ज ब्रॅडली नांवाचा धनिक राहात असे. त्याची एकुलती मुलगी एमा सात वर्षांची असतां मेंदूज्वरानें आजारी पडली आणि जन्माची अपंग झाली. पैशाला तोटा नव्हता, परंतु तिला न्यावें असें ठिकाणच कोठें नव्हतें. १९०६ सालीं जॉर्ज वारला तेव्हां त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें कीं आपली मालमत्ता अशाच मुलांच्या इस्पितळासाठीं लागावी. १९३१ सालीं तें उघडलें. केवळ मुलांच्या मानसिक आजारांसाठीं अमेरिकेंत निघालेलें तें पहिलें इस्पितळ. आपल्याकडे मुंबईस टाटांच्या समाजकार्याच्या शाळेनें १९३७ सालीं बालमार्गदर्शन केंद्र काढलें, तें याच्या मागोमागच म्हणावयाचें.

अलीकडच्या तीस वर्षांत या विषयाचें रूपच पालटलें. १९९८ सालीं सुसान स्वीडो व तिच्या सहकाऱ्यांनीं पन्नास मुलांच्या हकीकती एकत्र करून असें प्रतिपादन केलें कीं घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशीं लढणारें शरीर कांहीं मुलांत चुकून स्वतःच्या मेंदूवरच उलटतें, आणि एकाएकीं धुण्यापुसण्याचे छंद, भीति, अंगाचे झटके उद्भवतात. २०१२ मध्यें या कल्पनेची व्याख्या अधिक व्यापक केली गेली. तज्ज्ञांत तिच्याविषयीं अजून एकमत नाहीं, आणि प्रत्येक हट्टी मुलाला हें नांव चिकटविणें चूकच होईल. २००७ सालीं होसेप दालमाऊ यानें वर्णन केलेल्या मेंदूदाहाविषयीं मात्र वाद उरलेला नाहीं. त्यांत शरीरांतील प्रतिपिंडें मेंदूच्या एका विशिष्ट ग्राहकावर, एन्‌एम्‌डीए नांवाच्या, हल्ला करतात. मूल प्रथम चिडतें, झोंप जाते, भास होतात. मग बोलणें बंद पडतें, तोंडाच्या व हातांच्या चमत्कारिक हालचाली सुरू होतात, फेंपरें येतें. पूर्वीं या मुलाला वेडा किंवा झपाटलेला यांपैकीं एक शिक्का बसलाच असता. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ५७७ रुग्णांपैकीं २११ जण अठरा वर्षांखालील होते. आणि ज्यांची दोन वर्षांपर्यंतची हकीकत मिळाली त्यांतले शेंकडा ८१ चांगले सुधारले होते. ज्यांवर उपचार लवकर झाले ते अधिक सुधारले. हा आंकडा आईबापांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सुधारणा कांहीं आठवड्यांत होत नाहीं, तिला महिनेच्या महिने लागतात, हेंही त्याबरोबरच ध्यानांत ठेवावें. नाहीं तर 'औषधानें गुण नाहीं' म्हणून कुटुंब मध्येंच इस्पितळ सोडतें.

महाराष्ट्राला ताप आणि भ्रम यांच्या जोडीचा आणखी एक कडवट अनुभव आहे. नागपूर शहराजवळच्या चांदीपुरा या वस्तींतील तापाच्या रुग्णांच्या रक्तांत १९६५ सालीं पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणु सांपडला. वाळूमाशीच्या चाव्यानें तो पसरतो. २००३ सालीं आंध्र प्रदेशांत मेंदूज्वराची जी सांथ आली तींत ३२९ मुलें आजारी पडलीं आणि १८३ दगावलीं. तिच्या मुळाशीं हा विषाणु आढळला. अशा ज्वरांत एक-दोन दिवसांतच सर्व आटोपतें. म्हणून मुलाला ताप आहे आणि त्याचें बोलणें असंबद्ध झालें आहे, किंवा झटका आला आहे, किंवा मान ताठ झाली आहे, असें दिसतांच त्याच रात्रीं मोठें इस्पितळ गांठलें पाहिजे. सकाळची वाट पाहूं नये, आणि वाटेंत कोणत्याही देवस्थानीं थांबूं नये. नवस मागाहून फेडतां येतो.

ताप नसला तरी एका-दोन दिवसांत पालटलेल्या मुलाला प्रथम बालरोगतज्ज्ञाला दाखवावें हें उत्तम. डॉक्टरापुढें घाबरलेला बाप बहुधा शेवटच्या प्रसंगापासून सांगावयास लागतो. उपयोगी असतो तो आरंभ. महिन्यापूर्वीं घसा आला होता काय, गोंवर कधीं झाला होता, कुत्रें चावलें होतें काय, झोंप कोणत्या दिवशीं गेली, अक्षर केव्हां बिघडलें, हें तारखांसह वहींत उतरवून न्यावें. झटक्याचें चित्रण हातांतल्या फोनवर घेतलेलें असेल तर शंभर शब्दांचें काम होतें. घरांत एकच माणूस रात्रंदिवस जागूं लागला कीं चौथ्या दिवशीं त्याचा हात मुलावर उठतो. म्हणून पाळ्या लावाव्या, आणि काका, आत्या, आजोबा यांनीं 'कांहीं लागलें तर सांगा' असें म्हणण्यापेक्षां एक रात्र येऊन बसावें. धाकट्या भावंडाला खरें सांगावें. दादा किंवा ताई आजारी आहे, तुझ्या भांडणानें हें झालेलें नाहीं, एवढें त्याला पुरतें. मुलगी असली तर लग्नाच्या भीतीनें आजार दडविला जातो. या दडविण्यानें उपचाराचे पहिले आठवडे वायां गेल्याचीं उदाहरणें घरोघरीं ऐकूं येतात, आणि तेच आठवडे सर्वांत मोलाचे असतात.

कुटुंबाला इस्पितळाबाहेर ठेवण्याची जुनी चाल या देशांत प्रथम मोडली ती अमृतसरला. तेथील मानसिक रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत आवारांत तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहावयास बोलाविलें. रोज ते त्यांच्याशीं बोलत, आजार समजावून देत. ज्या रुग्णांना पूर्वीं वर्षानुवर्षें कोणी न्यावयास येत नसे, ते कांहीं आठवड्यांत घरच्या माणसांबरोबर परत जाऊं लागले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानेंही हीच रीत धरली. महानुभावांच्या ओवरींत आई मुलाजवळ राहात होतीच. तिच्या शेजारीं डॉक्टर आला, एवढाच काय तो फरक. पण तो फार मोठा फरक होता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आतां ही गोष्ट मुलांपुरती नियमांत आणिली आहे. हा कायदा मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलाला मोठ्या रुग्णांपासून निराळें ठेवावें लागतें, आणि तें दाखल असेपर्यंत त्याचा प्रतिनिधि किंवा सोबतचें माणूस सबंध मुदतभर जवळ राहिलें पाहिजे. मुलगी असेल तर सोबत स्त्रीची असली पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनि-सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो.

आणि जालना? २०२० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्र सरकारनें तेथें ३६५ खाटांचें प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास मान्यता दिली. जुन्या बराकींच्या गांवांत नव्या इमारतीचे नकाशे होतील तेव्हां खाटांची संख्या पुष्कळजण विचारतील. खाटेशेजारीं आईला आडवें होण्यापुरती जागा किती फूट ठेविली आहे, हें कोणीं तरी विचारावयास हवें.